लाल मातीवर पांढरं बोंड : खान्देशी हवेत स्ग्राफिटोचं ताट

लाल मातीचं ताट घडवायचं, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ घोळ, म्हणजे स्लिप, चढवायचा आणि तो पुरता वाळायच्या आत टोकदार काडीने खरवडायचा. खरवडलं तिथे खालची लाल माती दिसते, हात लावला नाही तिथे पांढरं राहतं. या कामाला स्ग्राफिटो म्हणतात. शब्द इटालियन आहे, त्याचा अर्थ ओरखडलेलं. १५व्या शतकात बोलोन्या आणि फेरारा या शहरांतल्या कुंभारांनी ही पद्धत फार वर नेली. पण त्याच्या कितीतरी आधी इराणमध्ये आणि सोंग काळातल्या चीनमध्येही असंच काम होत होतं.

आपल्या तापीकाठालाही भांड्यावर काही काढून ठेवायची सवय जुनी आहे. प्रकाशे इथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली रंगवलेली भांडी निघाली. धुळे जिल्ह्यातल्या सावळदा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भांड्यांवर तर हत्यारं, मासे, पक्षी आहेत. ती चित्रं रंगवलेली आहेत, खरवडलेली नाहीत. तरी ताटावर काय काढावं असा प्रश्न पडला की मला आधी तीच आठवतात, कारण त्या माणसांनी जवळ जे दिसत होतं तेच काढलं.

आता कामाकडे वळू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या कामात चित्रापेक्षा ओल सांभाळणं अवघड आहे. कोरायला योग्य अशी ओल मातीत थोडाच वेळ टिकते. व्हिडिओत कोणी 'दोन तास थांबा' म्हणत असेल, तर ते त्यांच्या हवेतले दोन तास असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. त्या दिवसांत तेच दोन तास अर्ध्या तासात उरकतात. म्हणून घड्याळ बाजूला ठेवून मातीला बोटाने विचारायला शिकायचं, आणि पहिलं ताट भाद्रपद ते माघ या महिन्यांत कधीतरी करायचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला करायचंच असेल तर पहाटे पाचला बसावं.

माती

पहिल्या ताटासाठी पॉटरीचं सामान विकणाऱ्यांकडून तयार लाल टेराकोटा माती आणावी असं माझं स्पष्ट मत आहे. ५ किलोत दोन ताटं आणि चाचणीचे तुकडे आरामात होतात. आपल्या शेतातली माती वापरायची हौस सगळ्यांना असते, मलाही होती. पण खान्देशातली काळी कपाशीची जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे उन्हाळ्यात शेतात कोणीही पाहू शकतं. ताटही तसंच भेगाळतं. कुंभार ही काळी माती एकटी वापरत नाहीत. नदीचा किंवा तळ्याचा गाळ आणतात, त्यात राख किंवा लीद मिसळतात, तेव्हा कुठे ती धरते.

दुसरी अडचण चुनखडीची. आपल्या मातीत पांढरे चुनखडीचे खडे सर्रास असतात. भट्टीत ९०० अंशांच्या आसपास त्या खड्याचा कळीचा चुना होतो. ताट बाहेर आलं की तो चुना हवेतली ओल ओढून फुगतो आणि वरची कपची उडवतो. हे लगेच होत नाही, कधी आठवड्याने होतं, कधी महिन्याने. माझं एक ताट भट्टीतून सुरेख निघालं होतं. तीन आठवड्यांनी त्याच्यावर देवीच्या वणासारखे खड्डे पडले, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. आमच्या गावातल्या कुंभारकाकांना दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चुनखडी काढी टाक, नहीते फुटी जाई."

तरीही घरची माती वापरायची असेल तर वाळलेल्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर चुना आहे. माती पाण्यात विरघळवून पातळ करा आणि ८० नंबरच्या जाळीतून गाळा. बारीक विखुरलेला चुना फारसा त्रास देत नाही, खडे देतात. गाळलेला घोळ जुन्या सुती साडीत बांधून टांगा, पाणी निथळून लोण्याएवढा घट्ट झाला की मळायला घ्या. मग त्या मातीची एक पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. भाजून झाल्यावर रेघ मोजा. ८.८ भरली तर माती १२ टक्के आटली. हा आकडा वहीत लिहून ठेवा, स्लिप करताना लागेल.

पोळी लाटणं आणि ताटाचा आकार

चाक नसलं तरी ताट होतं. तयार मातीचा साधारण दीड किलोचा लोंदा घ्या, तारेने मधोमध कापून एकमेकांवर आपटत आणि कणकेसारखा पुढे दाबत चांगला मळा. कापलेल्या तोंडावर हवेची भोकं दिसेनाशी होईपर्यंत मळायचं. ओट्यावर जाड खादीचं किंवा तागाचं कापड पसरा, दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरवा, म्हणजे पोळी सगळीकडे सारखी येते. एकाच दिशेने लाटलं तर माती ती ओढ लक्षात ठेवते आणि वाळताना तिकडे वाकते. म्हणून दर दोन-तीन हातांनी पोळी उलटवा, फिरवा. शेवटी रबराच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने दोन्ही बाजू दाबून गुळगुळीत करा. ही दाबणी वाया जात नाही, मधोमध पडणाऱ्या चिरा बऱ्याचशा याने टळतात.

साच्यासाठी उथळ परात चांगली. जेवणाच्या स्टीलच्या ताटाची कड सरळ उभी असते, माती आटताना तिच्यात अडकते आणि चिरते. परातीची कड तिरपी असते, त्यामुळे माती आत सरकू शकते. परातीत ओलसर मलमल पसरा, त्यावर पोळी अलगद सोडा, ओल्या स्पंजाने मधून कडेकडे दाबत बसवा. जास्तीची कड सुईने कापून बोट ओलं करून गोल करा. कापलेले तुकडे फेकू नका. त्यातली हाताएवढी एक पट्टी ताटाशेजारीच ठेवा. ताटाला जे जे कराल ते या पट्टीलाही करायचं. पुढे कोरायची वेळ झाली की नाही हे ही पट्टी सांगते, ताटाला ओरखडा न पडता.

ताट परातीतच राहू द्या. वर प्लास्टिकची पिशवी सैल पांघरा. कूलरच्या वाऱ्यात अजिबात ठेवू नका. कूलरची हवा दमट असते म्हणून माती बरी राहील असं वाटतं, पण वाऱ्याकडची कड आधी वाळते, पलीकडची ओली राहते आणि ताट होडीसारखं वळतं. जिथे पिण्याचा माठ ठेवता तो कोपरा उत्तम.

पांढरी स्लिप

हे काम आदल्या दिवशी करून ठेवा. लाल मातीवर चालणाऱ्या पांढऱ्या स्लिपसाठी मी बॉल क्ले ४०, चायना क्ले २५, क्वार्ट्झ २० आणि फेल्डस्पार १५ असं प्रमाण धरते. सगळं वजनाने, कोरड्या पावडरी. २०० ग्रॅम पावडर एका ताटाला पुरून उरते. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, म्हणजे गुठळ्या कमी होतात आणि धूळही कमी उडते. धुळीची काळजी खरंच घ्या. या पावडरींतली बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन बसते, म्हणून चांगला मास्क लावूनच वजन करा आणि ओटा कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. रात्रभर भिजू द्या, सकाळी ८० नंबरच्या जाळीतून गाळा. आटलेल्या बासुंदीएवढी दाट हवी. बोट बुडवून काढलं की बोटाच्या रेषा झाकल्या गेल्या पाहिजेत, पण नखाची कड ओळखू आली पाहिजे.

घरात चुना आहे, शाडू आहे, मग तेच का नको, असं विचारतात. भिंतीचा चुना मातीवर भाजल्यावर धरत नाही, पापुद्रे होऊन निघतो. शाडू दिसायला फिकी असली तरी भाजल्यावर कोणता रंग येईल आणि ती किती आटेल हे तुकड्यावर पाहिल्याशिवाय ताटाला लावू नये. स्लिप आणि ताट बरोबरीने आटले तरच थर टिकतो. वहीतला आकडा इथे कामाला येतो : हीच १० सेंटिमीटरची चाचणी स्लिपच्या मातीवरही करा. स्लिप ताटापेक्षा खूप जास्त आटत असेल तर बॉल क्ले थोडी कमी करून चायना क्ले वाढवा.

रंग उलटा हवा असेल तर तेही सोपं आहे. पांढरी स्टोनवेअर माती घ्या, तीच माती वाळवून कुटून तिच्या १०० ग्रॅममागे ८ ग्रॅम लाल आयर्न ऑक्साइड मिसळा आणि ती स्लिप वापरा. ताट आणि स्लिप एकाच मातीची असल्यामुळे आटण्याचा प्रश्नच उरत नाही.

स्लिप लावण्याची वेळ

ताट चामड्यासारखं व्हायला हवं. पॉटरीवाले याला लेदर हार्ड म्हणतात. बोटाच्या मागच्या बाजूने शिवलं तर माठासारखं गार लागतं, बोट दाबलं तर ठसा उमटत नाही, पण नखाने रेघ ओढली तर सहज उमटते. त्याआधी स्लिप लावली तर ताट पाणी पिऊन लोळागोळा होतं. उशीर झाला तर वाळलेली माती स्लिपचं पाणी झटकन शोषते आणि थर सुटतो.

रुंद मऊ ब्रशने पहिला हात आडवा मारा. ओली चमक गेली की दुसरा उभा, मग तिसरा तिरपा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे. लाल रंग खालून डोकावत नसला की पुरे. पट्टीलाही तेवढेच हात द्या. ताट अजूनही परातीतच हवं, कारण स्लिपच्या पाण्याने ते पुन्हा थोडं मऊ पडतं.

काय काढायचं

स्ग्राफिटोत रंगवायचं नसतं, काढून टाकायचं असतं. त्यामुळे कागदावर पेन्सिलने चित्र काढून सुरुवात केली की डोकं उलटं चालायला लागतं. मी काळा कागद आणि पांढरा खडू घेते. पांढरं काय राहणार, तेवढंच खडूने भरते. उरलेलं सगळं खरवडायचं.

म्हणून आपल्या भागासाठी कपाशीच्या बोंडाइतका सोयीचा विषय मला सापडलेला नाही. फुटलेल्या बोंडात कापसाचे चार-पाच कप्पे असतात, ते पांढरे सोडायचे. त्यांच्यामधल्या फटी, खालची वाळकी साल आणि देठ लाल रेघांनी यायचे. पांढरी स्लिप कापूस होते, लाल माती बोंडाची साल होते, आणि वेगळा रंग लागतच नाही. दोन-तीन बोंडं, एक अर्धं मिटलेलं, आणि पाच टोकांचं एखादं पान एवढं २४ सेंटिमीटरच्या ताटाला पुष्कळ झालं.

दुसरा विषय केळीच्या पानाचा. रावेर-यावलकडे उन्हाळी वाऱ्याने फाटलेली पानं पाहिली असतील. मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत समांतर शिरा जातात आणि फाटतंही त्याच रेषेत. हाताला एक लय मिळाली की या समांतर रेघा झरझर ओढल्या जातात, आणि नवख्या हाताचा थरथराटही वाऱ्याचा वाटतो. सुगरणीचा खोपाही छान जमतो, पण त्याचं विणकाम दाखवायला खूप बारीक रेघा लागतात, म्हणून तो तिसऱ्या-चौथ्या ताटाला ठेवा.

ताटात जेवायचं असेल तर नक्षी कडेवर ठेवा आणि मधला भाग गुळगुळीत सोडा. खोल रेघांत चटणी, शेवभाजीचा तर्रीदार रस अडकतो, आणि भाकरीने पुसायची सवय असलेल्या घरात त्या रेघा बोटाला सतत टोचतात. भिंतीवर लावायचं असेल तर मात्र मोकळ्या हाताने अख्खं ताट भरा.

कोरणं

आता पट्टी हातात घ्या. टोकाने एक रेघ ओढा आणि कडेला काय निघतं ते पाहा. ओली चिकट कड उचलून टोकाला लोंबत असेल तर थांबा. पीठ उडत असेल, कडा दातेरी होत असतील तर उशीर झालाय : फवारणीच्या बाटलीने अगदी हलका ओलावा द्या, प्लास्टिक पांघरून अर्धा तास सोडा, पुन्हा पाहा. पेन्सिल तासल्यावर निघते तशी सलग साल वळत निघाली, की ताटाला हात घाला. तोवर हात धुऊन घ्या, चहा पिऊन घ्या, कारण पुढचा तास-दीड तास उठता येणार नाही.

हत्यारं विकत मिळतात, पण घरचीही चालतात. बारीक रेघेला रिकामं रिफिल किंवा घासून टोकदार केलेली सायकलची स्पोक. मध्यम रेघेला तासलेली बांबूची काडी. मोठी जागा साफ करायला हॅकसॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा किंवा तारेचा फासा बसवलेलं हत्यार. बाभळीचा काटा मी वापरून पाहिला, रेघ सुंदर येते, पण टोक लवकर बोथट होतं.

चित्र साध्या पेन्सिलने ताटावर हलकं उतरवून घ्या, पेन्सिलची रेघ भट्टीत जळून जाते. आधी बाह्यरेषा कोरा. मग आतल्या रेघा. पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. हत्यार सुरीसारखं उभं न धरता पेनासारखं तिरपं धरा आणि स्वतःकडे ओढा. स्लिपचा थर कापून खालच्या लाल मातीला जेमतेम स्पर्श होईल एवढीच खोली पुरते, जास्त खोल गेलात तर ताट तिथे कमकुवत होतं. वळण आलं की हात वळवण्यापेक्षा परात फिरवा. मनगट परातीच्या कडेवर टेकलेलं असलं की रेघ डळमळत नाही.

निघालेला कीस लगेच पुसू नका. ओला कीस बोटाने झटकला की पांढऱ्यावर लाल डाग पसरतात आणि ते निघत नाहीत. फुंकरही मारू नका, ती धूळ सरळ नाकात जाते. ताट पुरतं वाळल्यावर मऊ ब्रशने तो आपोआप सुटतो, तेव्हा मास्क लावून, खाली ओलं फडकं पसरून झाडा. पार्श्वभूमी खरवडताना मध्येमध्ये पांढरे तुषार राहतात. ते सगळे घालवायच्या मागे लागू नका. त्या खुणांमुळे लाल भागाला जिवंतपणा येतो, आणि जुन्या इराणी ताटांचं मला तेच सगळ्यात आवडतं.

मधेच काम थांबवावं लागलं तर ओल्या, पिळलेल्या फडक्यावर प्लास्टिक असं दुहेरी झाकण घाला. फडकं ताटाला चिकटू देऊ नका, परातीच्या कडांवर ताणा.

वाळवणं

कोरून झालं की ताट परातीतून काढून प्लायवुडच्या फळीवर उपडं ठेवा, खाली वर्तमानपत्र. मागच्या बाजूला नाव आणि साल लिहायची हीच वेळ. कड मधल्या भागाच्या आधी वाळते आणि तिथूनच चीर सुरू होते, म्हणून कडेभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळा आणि मध्य उघडा ठेवा. दिवसातून एकदा सुलटं-उपडं करा. हिवाळ्यात आठवडा, पावसाळ्यात दहा-बारा दिवस, उन्हाळ्यात झाकून निदान चार-पाच दिवस. गालाला लावून पाहा : गार लागलं तर आत अजून पाणी आहे.

भाजणं

गावातल्या कुंभाराच्या आव्यात गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुऱ्हाट्यांवर ताट भाजता येतं. तिथली आच कमी-जास्त होते आणि धुराचे काळे ओघळ पडतात, जे कधीकधी फार देखणे दिसतात. पण त्या उष्णतेवर आपली पांढरी स्लिप पूर्ण पक्की होत नाही, ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, तोही वितळत नाही. असं ताट भिंतीसाठी ठेवा, जेवायला नको.

जेवणाच्या ताटासाठी विजेची भट्टी हवी. भट्टी असलेले अनेक स्टुडिओ बाहेरच्यांची भांडीही पैसे घेऊन भाजून देतात. आपली माती कोणती आणि किती अंशांची, हे त्यांना लेखी सांगा. चुकीच्या तापमानाला लाल माती वितळून त्यांच्या भट्टीची फळी खराब करते.

पहिली भाजणी १,००० ते १,०६० अंशांवर. सुरुवातीला १०० अंशांच्या आसपास दोन-तीन तास घालवायचे, नाहीतर उरलेल्या पाण्याची वाफ होऊन ताट फुटतं. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, तिथे चढताना आणि उतरताना घाई नको. घरची माती वापरली असेल तर ताट बाहेर आल्याआल्या बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. चुना तिथल्या तिथे विरतो, फुगून कपची उडवायची शक्यता कमी होते. मग ताट दोन दिवस कडक उन्हात वाळवा. इथे मात्र आपलं ऊन कामाला येतं.

ग्लेझ पारदर्शक, शिसेविरहित आणि मातीच्या तापमानाला जुळणारं घ्या. ओल्या स्पंजाने धूळ पुसा, ताटाच्या बुडाला मेण लावा, ग्लेझमध्ये दोन-तीन सेकंद बुडवून काढा. पातळ थर हवा. जाड झाला की रेघांत साचून दुधाळ होतो आणि इतक्या कष्टाने काढलेल्या कडा बुजतात. मेण लावलेल्या जागेवर सांडलेले थेंब पुसा, नाहीतर ताट फळीला चिकटेल. दुसरी भाजणी ग्लेझच्या पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला करायची.

ताट आल्यावर बुडाची खरखर ओल्या पॉलिश पेपरने काढा. लिंबाची फोड रात्रभर एका कोपऱ्यात ठेवून पाहा. सकाळी तिथली चमक गेली किंवा रंग उतरला असेल तर ते ताट जेवायला वापरू नका. मांड्यांचं खापर चुलीवर चढतं म्हणून हेही चढेल असं समजू नका. खापराची माती त्या आचेसाठी मुद्दाम भरड ठेवलेली असते, ग्लेझ केलेलं ताट गॅसवर ठेवताच तडकतं.

आणि कोणाला भेट द्यायचं असेल तर तीन आठवडे ते ताट घरातच, न्हाणीच्या भिंतीला लागून असलेल्या दमट कोपऱ्यात ठेवते मी. चुनखडीचा एखादा खडा राहिला असेल तर तो तिथेच फुटतो.